गुलब्याचा पाय, गोजरबाईचे हात

गोजरबाईला नुसतं बसलेलं मी कधी पाहिलं नाही. आमच्या ओसरीवर बोलायला आली तरी माझ्या हातातलं सूप तिच्या हातात जायचं आणि मी निवडलेली डाळ ती पुन्हा निवडायची. समोर काहीच नसलं तर स्वतःच्या पदराच्या दशा ओढत राहायची. तिच्या प्रत्येक लुगड्याचा पदर त्यामुळे बोटभर झिजलेला असे. कीर्तनाला बसली की पुढच्या बाईच्या पाठीवरची गवताची काडी, कापसाचा पुंजका उचलत राहायची. बाया चिडून मागं बघायच्या. ती म्हणायची, "अगं, काडी होती." काडी नसली तरी म्हणायची.

तिची सासू धुरपदाबाई सांगायची, "आमच्या गोजरच्या हाताला पाय फुटलेत. एक दिवस हात हिला सोडून निगून जातील, आन् ही बसंल थोटी."

आमच्या आणि त्यांच्या घरात एकच भिंत. भिंतीच्या पलीकडे त्यांचा गोठा होता. त्यामुळे तिकडचं बोलणं मला मुद्दाम ऐकावं लागत नसे, कान बंद करणंच अवघड होतं.

त्या हातांना एकाच ठिकाणी थारा मिळायचा, जनावराच्या अंगावर. गल्लीतलं खंड्या नावाचं काळं कुत्रं कुणाच्या हाती लागत नसे, ते तिच्यासमोर चारी पाय वर करून पडायचं. ती त्याच्या मानेमागं, कानांच्या बुडाशी, मांडीच्या आत बोटं फिरवायची आणि फिरवता फिरवता गोचीड काढून चुलीत टाकायची. एकदा त्याच्या पंजाच्या गादीत रुतलेला बाभळीचा काटा तिच्या बोटाला लागला. कुत्रं तोवर लंगडत नव्हतं. "लंगडल्यावर तर आंधळ्याला बी कळतं," ती म्हणाली. मागच्या गल्लीतली तानुबाई आपली म्हैस पान्हा चोरते म्हणून हिला बोलावून न्यायची. ही कोमट पाण्यानं कास पुसायची, तळहातानं खालून वर, खालून वर सावकाश चोळायची, आणि म्हैस डोळे मिटून रवंथ करत दूध सोडायची. तानुबाई मात्र गावभर सांगायची की सरकी बदलल्यानं फरक पडला.

गोजरबाईला त्याचं काही वाटत नसे. विचारलं तर सांगायची, "हात फिरला की रगत फिरतं. रगत फिरलं की दुख हलतं. जनावराला तोंड न्हाई, ते हाताला सांगतं." आणि एक गोष्ट बजावून सांगायची, "जिथं गरम लागल तिथं चोळायचं न्हाई. भोवतीनं चोळायचं. आग शिजाय द्यायची, मग हात लावायचा."

तिचा नवरा लिंबाजी शांत, कमी बोलणारा माणूस. पण या बाबतीत त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. शेतातून आला, पाय पसरून बसला आणि ही करडीच्या तेलाची वाटी घेऊन गोठ्याकडे निघाली की तो म्हणायचा, "बैलाच्या नशिबी तेल, आमच्या नशिबी तोंड."

"तुमी बैल व्हा, लावते," ती जाता जाता म्हणायची.

तेल लागायचं ते मुख्यतः गुलब्याला. गुलब्या म्हणजे त्यांचा तांबडा बैल. त्याचा मागचा उजवा पाय पूर्णा नदीच्या पात्रात दुखावला, तेव्हा निजामाच्या राज्याचा शेवटचा उन्हाळा चालू होता. रझाकारांच्या धाकानं आमची गावंच्या गावं वऱ्हाडाकडे निघाली होती. जात्यासकट संसार गाडीत भरलेला, वर धुरपदाबाई, दोन पोरी. गोट्यांच्या पात्रात चाक घसरलं, गाडी एकीकडे कलली आणि तरणा गुलब्या ती सावरता सावरता मागच्या पायावर मुरगळून बसला. कसाबसा त्याला पलीकडे नेला.

वऱ्हाडातल्या एका गावाबाहेर चिंचांखाली आम्ही सगळे उतरलो. तिथं गोजरबाईची जी अवस्था झाली ती मी विसरले नाही. झाडायला अंगण नाही. सारवायला भिंत नाही. दळायला जातं उतरवलं तर कुठं मांडणार? दिवसभर बायका रडायच्या, देवाचं नाव घ्यायच्या, गावाकडची बातमी कुणी आणतंय का म्हणून रस्त्याकडे डोळे लावायच्या. ही मात्र या झाडापासून त्या झाडापर्यंत येरझारा घालायची आणि हात एकमेकांत पिळायची. धुरपदाबाई ओरडली, "बस की गं एका जागी! तू हिंडल्यानं राज्य बदलायचंय व्हय?"

ती बसली ती गुलब्याजवळ बसली. तो उठत नव्हता. हिनं त्याच्या पुठ्ठ्यावर हात ठेवला आणि तो हात मग उचललाच नाही. तेल नव्हतं तेव्हा कोरडंच चोळायची. मग त्या गावच्या तेलिणीकडून करडीचं तेल मागून आणलं, हळद मिळाली. वीट तापवून फडक्यात गुंडाळून शेक द्यायची. आधी सूज उतरली, मग पाय हलला, मग तो उभा राहिला. फौजा आल्या, निजाम गेला, लोक परत फिरले, तेव्हा त्याच गुलब्यानं गाडी ओढून घरी आणली.

लिंबाजी म्हणाला, "तरणं जनावर. आपसुक भरून आलं."

ते आपसुक नव्हतं, पुरतं भरूनही आलेलं नव्हतं. गुलब्याचा पाय सुताच्या बाजेसारखा झाला होता. रोज ताणली तर बाज ताठ, चार दिवस सोडली तर झोळी. सकाळी जुंपायच्या आधी आणि संध्याकाळी गोठ्यात आल्यावर गोजरबाईचा हात फिरला की तो नीट चालायचा. आणि तो नीट चालायचा म्हणून लिंबाजीला कधी कळलंच नाही की तो हातामुळं चालतो. त्याला ते बायकोच्या हाताचा चाळा वाटे.

अशी आठ वर्षं गेली. पोरी नांदायला गेल्या. गुलब्याचा जोडीदार फऱ्या नावाच्या रोगानं गेला आणि लिंबाजीनं मानवतच्या बाजारातून हौशा नावाचा गोऱ्हा आणला. पांढरा, उंच, नुसता वारा प्यायलेला. हौशा आणि गुलब्या एका जुवाखाली चालेनात. हौशा पुढं, गुलब्या मागं, आणि नांगराचा तास वाकडा. लिंबाजी वैतागून घरी यायचा.

एक दिवस जेवताना त्यानं सांगून टाकलं, "पोळ्याला गुलब्या द्यायचा. हौशाला जोड बगतो."

गोजरबाई ताटात भाकरी वाढत होती. ती वाढलेली भाकरी तिनं परत उचलली आणि दोन तुकडे करून ठेवली.

"कुणाला द्यायचा?"

"चालतोय तवर कुणबी घेईल. बसला की कसाई घेईल. तूच सांग कुणाला द्यायचा?"

"घरचंच जनावर हाय. ऱ्हाईल की गोठ्यात."

"बसून खाणाऱ्याला कडबा कुठून आणू? गंजी बगितलीस का? हौशाचंच पोट भरंना." मग तो म्हणाला, "निजाम गेला. आता हैद्राबादचं राज्य बी मोडायलंय म्हणं, आपल्याला मुंबईला जोडायलेत. सगळ्याचं दावं बदलायलंय, तू एका बैलाचं काय घेऊन बसलीस?"

लिंबाजीचं बोलणं चुकीचं नव्हतं, आणि तेच तिला जास्त खुपलं.

गिऱ्हाईक आपोआप चालून आलं. आमच्या समोरच्या घरातल्या सुनेचं नाव दैवशाला, माहेर बोरी गावचं. तिचा बाप बन्सीधर पोळ्याआधी लेकीकडे आला. बोलका, हसरा गडी, डोक्याला मोठा फेटा. ओढ्यावरून पाणी पिऊन येणारा गुलब्या त्यानं पाहिला आणि त्याच संध्याकाळी लिंबाजीला ओसरीवर गाठलं.

"पाव्हणं, जनावर शांत दिसतंय."

"शांत हाय."

"पायात काय खोट?"

"चालत आला की तुमच्या म्होरून."

"बगितलं की. पर ओढ्यावरून तर माजी म्हातारी बी चालत येती." बन्सीधर हसला. "आसं करू. पोळ्यात चालू द्या. हलगी, गर्दी, येशीपासून पारापत्तूर. तिथं पाय उचलून राखला न्हाई की दोरी धरतो. तवर हाय मी लेकीकडं."

लिंबाजीनं मान डोलवली. पोळ्याच्या मिरवणुकीत जनावराची खोट लपत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

हे बोलणं भिंतीअलीकडे मी ऐकलं आणि गोठ्यात गोजरबाईनं ऐकलं. तेव्हा ती गुलब्याचा पायच चोळत होती. हात थांबल्याचं मला इकडे कळलं. चोळताना ती तोंडानं एक हलका आवाज काढायची, मूल झोपवताना काढतात तसा. तो आवाज एकदम बंद झाला.

तिच्या डोक्यात काय आलं ते तिनं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. माझ्या पुढ्यातल्या शेंगा ओढून सोलत सोलत सांगितलं. "म्या चोळला तर त्यो चालंल. चालला की जाईल. न्हाई चोळला तर लंगडंल. लंगडला की ह्यो बोरीवाला हात आखडंल. आन् सणासुदीला कसाई दारात येत न्हाई. पुढचं पुढं." शेंगा संपल्या होत्या, ती टरफलं चोळून बघत होती. "मला फकस्त हात आवरायचेत. पोळ्यापत्तूर."

मी म्हटलं, "जमंल का?"

"न जमाया काय झालं? हात माझेच हायेत ना?"

त्या दिवसापासून त्या घराला जी कळा आली ती विचारू नका. गोजरबाईनं घर वरपासून खालपर्यंत सारवलं. वाळलं तसं पुन्हा सारवलं. उतरंड उतरवून सगळी गाडगी धुतली, रचली, आणि रचली ती वाकडी वाटली म्हणून परत उतरवली. पहाटे दळायला बसली की सणाचंच काय, पुढच्या पंधरवड्याचं पीठ पाडून उठायची. आणि एवढं करून हात उरलेच, तेव्हा ते सासूकडे वळले. धुरपदाबाईचे गुडघे आधीपासून धरलेले. सून आपण होऊन तेल लावते म्हणून म्हातारी पहिल्या दिवशी सुखावली. पुढं माझ्याकडे पळून यायला लागली.

"लपू दे गं मला हितं. सकाळपसून तीनदा चोळलं तिनं. कातडं निगायची येळ आली. मी काय बैल हाय व्हय?"

गोठ्यात गुलब्या वाट बघायचा. त्याला वेळ कळत होती. संध्याकाळी दारातून गोजरबाईची सावली गेली की तो मान लांब करायचा, गळ्याखालच्या कातड्याची घडी पुढं करायचा, जिथून ती सुरुवात करत असे तिथून. ती वैरण टाकायची, शेण काढायची आणि हात पाठीमागं धरून बाहेर यायची. तिकडून तो एकदाच हंबरायचा. मोठ्यानं नाही, विचारल्यासारखा. मग बराच वेळ दावं ओढल्याचा आवाज यायचा. खंड्या कुत्र्यालाही तिनं त्या दिवसांत हुसकून लावलं. हात एकाला लागला की दुसऱ्याला लागेल ही तिला भीती.

आधी गुलब्या सकाळी उठताना वेळ लावू लागला. मग मागचा पाय टेकवायला नाखूष दिसू लागला. मग खुराचं टोक जमिनीवर घासत गेल्याची रेघ गोठ्यापासून हौदापर्यंत दिसायला लागली. वैरण अर्धी टाकू लागला. रवंथ कमी झालं. हे सगळं गोजरबाईनं हात न लावता बघितलं. बघायला लागलं की तिची बोटं पदरात शिरायची. त्या आठवड्यात तिनं एका लुगड्याचा पदर पुरता संपवला.

लिंबाजीच्या लक्षात आलंच. "पाय कामून ओढायलाय हा?"

"वय झालं त्याचं."

"चार दिसात?"

"वय काय सांगून येतं?"

लिंबाजी चरफडला. पाव्हण्याला दिलेला शब्द आणि दारात लंगडा बैल. मग त्यानं जे कधी केलं नव्हतं ते केलं. तेलाची वाटी घेऊन स्वतः गोठ्यात गेला. भिंतीपलीकडून मला ऐकू आलं, "हूं... हूं... गप उभा ऱ्हा, तुज्या मायला... आरं तेलच लावायलोय!" मग वाटी पडल्याचा आवाज. बाहेर आला तेव्हा धोतरावर तेल आणि मनगटावर शिंगाचा ओरखडा. मी डोकावले तेव्हा गोजरबाई चुलीपुढं बसलेली. ओठ घट्ट मिटलेले. हसत होती की रडत होती, मला नक्की सांगता येणार नाही.

धुरपदाबाई सगळं ओळखून होती. खांदेमळणीच्या दिवशी दुपारी, पुरणाची डाळ निवडताना, तिनं सुनेकडे न बघता म्हटलं, "गोजर, माजी आजी एक गोष्ट सांगायची. एका बाईनं पोपट उडून जाऊ नये म्हणून त्याचे पंख कापले."

"मग?"

"मग काय? मांजरानं खाल्ला."

गोजरबाई उठली आणि निवडलेली डाळ धुवायला घेऊन गेली.

खांदेमळणी म्हणजे पोळ्याची आदली संध्याकाळ. बैलांना धुवून आणायचं, वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला ऊन पाण्यानं शेकायचं, तूप आणि हळद पळसाच्या पानानं लावायची, आणि उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. आमच्याकडे आवतण घरच्या लक्ष्मीनंच द्यायचं असतं. गोजरबाईला ते चुकवता येणार नव्हतं. पण तिनं मनाशी सोय लावली होती. पळसाचं पान असतंच मध्ये. हात कुठं लागतोय?

अंगणात दोन्ही बैल उभे केले होते. लिंबाजीनं दोऱ्या धरलेल्या. आम्ही शेजारच्या बाया नेहमीसारख्या जमलो. दैवशाला आपल्या बापाला घेऊन आली. बन्सीधर तुळशीच्या कट्ट्याजवळ उभा राहिला आणि गुलब्याच्या मागच्या पायाकडे बघत राहिला. गुलब्यानं ते खूर अर्धं उचलून धरलं होतं.

आधी हौशाचं झालं. तो नाचला, त्यानं अर्धं तूप जमिनीवर पाडलं, लोक हसले.

मग ती गुलब्यापुढं आली. पळसाच्या पानावर तूप-हळद घेतली, त्याच्या खांद्याला लावली आणि म्हणाली, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

गुलब्यानं मान खाली घातली आणि सगळा भार तिच्या हातावर दिला.

पानातून तिला काय लागलं ते तिलाच ठाऊक. तिचा चेहरा बदलला. पान तिनं टाकून दिलं आणि उघडी बोटं खांद्यावर दाबली. उजवा खांदा दाबला, मग डावा, मग परत उजवा.

"आत्याबाई," ती हळूच म्हणाली, "खांदा बी धरलाय की ह्याचा."

"धरंल न्हाई तर काय. मागं टेकवत न्हाई, म्हणून सगळा भार म्होरं."

"दगड झालाय. पाठीपत्तूर दगड झालाय."

मग तिनं कुणाकडे बघितलं नाही. कासोटा खोचला, तुपाची वाटी ओंजळीत ओतून घेतली आणि सुरुवात केली. खांद्यापासून पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी, तळहाताच्या बुडानं, अंगाचा भार देत. ऊन पाण्याचं भांडं तिनं पायानंच जवळ ओढलं. पुठ्ठ्यावर आली तिथं थांबली, हात पालथा करून ताव, म्हणजे आतली आग, आहे का बघितला, नसल्याची खात्री झाल्यावर अंगठे रुतवले. मांडीच्या आत, गुडघ्याच्या मागं, शिरेच्या रेषेनं खाली. तोंडानं तो झोपवल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला होता. गुलब्याच्या कातड्यावरून थरथर धावत गेली. त्यानं लांब श्वास सोडला. खालचा ओठ लोंबला. बऱ्याच वेळानं त्यानं उचललेलं खूर जमिनीवर पुरतं टेकवलं आणि रवंथ करायला लागला.

दिवेलागण झाली होती.

बन्सीधरनं विचारलं, "बाई, हे रोजचं हाय का?"

"रोजचं. दोन बार." ती पाय सोडून उठली नाही. "आठ वर्षं. हात लावला तर चालतो, न्हाई लावला तर लंगडतो. ह्या आठवड्यात म्या लावला न्हाई."

"कामून?"

"तुमी न्यायलात म्हणून."

दैवशालानं तोंडाला पदर लावला. लिंबाजीच्या हातातली दोरी सैल पडली. तो बायकोकडे बघत होता, गुलब्याच्या पायाकडे बघत होता, आणि आठ वर्षं मागं जाऊन काहीतरी जुळवत होता. मग त्याला राग आला. शांत माणसाला राग आला की त्याला शब्द सापडत नाहीत.

"आगं मग... मग ठेव की! ठेव बांधून! न्हाई इकत मी. बोरीकर, ऱ्हाऊ द्या. घरात मला कुणी इच्यारतच न्हाई तर इकणार काय मी!"

गोजरबाईला हवं ते मिळालं होतं. चार माणसांत नवऱ्यानं शब्द टाकला होता. आम्हा सगळ्या बायांना वाटलं, आता गोजरबाई गप्प बसेल.

तिचे हात मात्र पायावरच होते. अंगठा एका जागी दाबून ती थांबली, सोडला, पुन्हा दाबला.

"उभा ठेवला तर दिवाळीपत्तूर बसंल ह्यो," ती म्हणाली. लिंबाजीला म्हणाली की पायाला, कळलं नाही. "चालाय पायजे ह्याला. हौशासंग न्हाई जमत. हळू चालाय पायजे." मग तिनं मान वर केली. "दादा, तुमचं काम कसलं हाय?"

बन्सीधर पुढं आला. "मळा हाय, लय मोठा न्हाई. माजा एक बैल बी म्हाताराच हाय. म्हणून तर शांत बगायलोय मी. दोन म्हातारे बरोबर चालतील."

"आन् हात कोण लावंल?"

त्यानं आपले दोन्ही तळवे पुढं केले. जाड, भेगाळलेले. "शिकवा."

परक्या माणसाचा हात धरून शिकवणार कशी? धुरपदाबाईनंच मार्ग काढला. "दैवशाले, बस तिथं. तुज्या हातावर ती हात ठेवंल, तुजा बाप बगंल. वटारतीस काय डोळे? बाळंतपणात तुझं अंग तिनंच रगडलं की."

दैवशाला बसली. गोजरबाईनं तिच्या हातांवर आपले हात ठेवले आणि गुलब्याच्या पुठ्ठ्यावर दाबले. पलीकडच्या बाजूला बन्सीधर फेटा सावरत बसला.

"दादा, खरारा करायलात का? दाबा. आंगाचा भार द्या. तेवढा न्हाई! पीठ मळायलाव तसं. बायकोला कधी इच्यारलं न्हाई व्हय पीठ कसं मळतात?"

"आता इच्यारीन," बन्सीधर म्हणाला, आणि अंगणात पहिल्यांदा हसू उमटलं.

पोळ्याच्या सकाळी तिनं पुन्हा चोळलं. दुपारी हलगी वाजली. शिंगांना हिंगूळ, पाठीवर झूल, कपाळाला बाशिंग. गुलब्या वेशीतून निघाला. पहिल्या वळणावर त्यानं पाय थोडा राखला, गोजरबाई माझं मनगट धरून होती, तिची नखं मला रुतली. मग तो सरळ चालला. पाराला फेरा घातला, मारुतीपुढं मान हलवली. बन्सीधरनं गर्दीत लिंबाजीकडे बघून हात वर केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुलब्या गेला. पुरणपोळी त्यानं ओलावलेल्या डोळ्यांनी वगैरे खाल्ली नाही, चांगली भरपूर खाल्ली. निघताना मात्र चौकटीशी थांबला. गोजरबाई दोरीपाशी जाऊन सांगत राहिली, "थंडीत आधी शेक, मग तेल. ताव असल तर भोवतीनं. उजव्या अंगानं जावा, डाव्या बाजूनं दचकतो. पावसात भिजला तर गोणपाटानं पुसा, तसाच बांदू नका." बन्सीधर "व्हय ताई, व्हय ताई" म्हणत गेला. ती वेशीपर्यंत सोबत गेली आणि प्रत्येक घरापाशी तिला नवीन काहीतरी आठवत गेलं. वेशीबाहेर गुलब्या मागं वळून बघेल म्हणून ती उभी राहिली होती. बैल मागं बघत नाही. रस्ता मोकळा होता, तो चालत गेला.

त्या दिवशी तिच्याकडे करायला काहीच नव्हतं. सारवलेलं, दळलेलं, धुतलेलं सगळं तयार. संध्याकाळी ती तेलाची वाटी घेऊन सवयीनं गोठ्यात गेली. रिकाम्या खुंट्याजवळ उभी राहिली. मग हौशाकडे वळली आणि त्याच्या पुठ्ठ्यावर हात ठेवला. हौशानं लाथ झाडली. वाटी उडाली, ती थोडक्यात वाचली.

लिंबाजी दारात येऊन उभा होता. वाटी पडल्याचा आवाज त्यालाही आला असावा.

"हाताला आवर घाल जरा," तो म्हणाला.

"तुमी घालून बगा," ती म्हणाली.

मग तो ओसरीवर येऊन जमिनीवर बसला आणि धोतर वर सारून पाय लांब केला.

"काटा गेलाय का बग."

ती येऊन बसली. टाच बघितली, तळवा बघितला, बोटांच्या बेचक्या बघितल्या. काटा नव्हता. तिनं ते बोलून दाखवलं नाही. पोटरीवर अंगठा दाबला. कितीतरी वर्षांचा नांगर तिथं गाठी होऊन बसला होता. ती गाठीमागून गाठ शोधत वर चढत गेली. डोळे मात्र गोठ्याच्या दाराकडे, खुंट्याकडे. खंड्या कुत्रं कुठूनसं आलं आणि आपली पाळी येईल म्हणून शेजारी पडून राहिलं.

"आई गं!" लिंबाजी कळवळला. "हळू की! मी काय बैल न्हाई."

"कळतंय मला," गोजरबाई म्हणाली. "बैल असता तर गप बसला असता."